अर्धपोटी एसटीपी : एका नव्या गृहसंकुलातील शाश्वत रचनेचे प्रकरण

संकुलाची ओळख पटू नये म्हणून ठिकाण आणि नावे गाळली आहेत, काही आकडे गोळाबेरीज करून दिले आहेत. शीर्षकातला एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे संयंत्र. या प्रकल्पावर मी ऊर्जा आणि पाणी या दोन विषयांचा सल्लागार होतो. म्हणजे खाली ज्या चुका येतील त्यांतल्या काही माझ्याही आहेत.

पार्श्वभूमी

भूखंड साधारण दोन हेक्टरचा, पश्चिमेकडे उतरता, आणि उताराच्या पायथ्याशी एक ओढा. उन्हाळा कडक. पाऊस मोजक्याच महिन्यांत, पण पडतो तेव्हा दणकून. नियोजन चार इमारतींचे होते: तळाला पार्किंग, वर सात मजले, मजल्यावर सहा फ्लॅट, एकूण १६८. विकासक या धंद्यात मुरलेले, पण इमारतीला हरित प्रमाणपत्र घेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

मला बोलावले तेव्हा इमारतींच्या जागा ठरून गेल्या होत्या आणि बुकिंगची पुस्तिका छपाईच्या वाटेवर होती. पहिल्या बैठकीत माझ्यापुढे त्या प्रमाणपत्राच्या गुणांचा तक्ता सरकवून विचारले गेले, “आत्ता आपण कुठे आहोत आणि वरची पायरी गाठायला काय काय घ्यावं लागेल?” त्या प्रश्नातल्या ‘घ्यावं’ या शब्दाकडे मी तेव्हा दुर्लक्ष केले. शाश्वत रचना ही बाजारातून आणून नंतर बसवायची वस्तू आहे, हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी गृहीत धरले होते. बैठकीत मीही ते खोडून काढले नाही.

प्रश्न

कागद उलगडल्यावर तीन गोष्टी टोचल्या.

पहिली, इमारत क्रमांक ३ आणि ४ यांची लांब बाजू थेट पश्चिमेला. ओढा दिसावा म्हणून हॉल त्या बाजूला आणि हॉलला जमिनीपासून छतापर्यंत काच. उत्तर-दक्षिण भिंतींवरचे ऊन आवरणे सोपे असते, कारण दक्षिणेचा सूर्य दुपारी वर असतो आणि दोन-अडीच फुटांचा छज्जा त्याला अडवतो. पश्चिमेचा सूर्य मात्र चार-पाच वाजता समोरून, जवळजवळ आडवा येतो. त्याच्यापुढे छज्ज्याचे काही चालत नाही. उभ्या झडपा, बाहेरून सरकणारी जाळी किंवा चिकाचा (बांबूच्या काड्यांचा) पडदा असे काहीतरी समोरच धरावे लागते, आणि तेही काचेच्या बाहेर. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते आणि पडदाच तापून शेगडीसारखा वागू लागतो.

दुसरी, ओढा नळ्यांत घालून वरून अंतर्गत रस्ता न्यायचा बेत होता.

तिसरी पाण्याची. घरटी साडेचार माणसे आणि माणशी दिवसाला १३५ लिटर धरले की रोजची गरज एक लाख लिटरच्या थोडी वर जाते आणि सांडपाणी ८५ हजार लिटरच्या आसपास येते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची आणि सांडपाणी नुसते सोडून द्यायचे, हे कुणालाच पटत नव्हते. यावर मतभेद नव्हता. मतभेद पुढे झाले.

कोणते पर्याय होते

दिशेबाबत तीन. काच महागडी, उष्णता परतवणारी घ्यायची आणि नकाशाला हात लावायचा नाही. दोन्ही इमारती काटकोनात फिरवायच्या. किंवा एक फिरवायची आणि दुसरीला बाहेरून झडपा द्यायच्या. फिरवण्याचा खर्च बांधकामात नव्हता, तो वेळेत होता: नकाशे नव्याने, पार्किंगचा रॅम्प नव्याने आणि पुस्तिका परत छपाईला. विक्री विभागाचे प्रमुख म्हणाले, “सर, गिऱ्हाईक बाल्कनीत उभं राहून ओढा बघतं. होकायंत्र घेऊन कुणी येत नाही.” हसू आले सगळ्यांना, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

पाण्याबाबतही तीन. एक, संपूर्ण सांडपाण्यावर आवारातच प्रक्रिया करणारा एसटीपी, आणि शुद्ध केलेले पाणी फ्लशला व बागेला नेणारी वेगळी नळव्यवस्था. दोन, फक्त न्हाणीघराचे आणि बेसिनचे पाणी वेगळे काढून वनस्पतींच्या वाफ्यातून गाळायचे व बागेला द्यायचे. तीन, कमी पाण्याचे नळ आणि ३ व ६ लिटरच्या दुहेरी फ्लशच्या टाक्या बसवून वापरच घटवायचा, आणि सांडपाणी नेहमीच्या गटारवाहिनीत सोडायचे. गुणांच्या तक्त्यात पहिला पर्याय इतरांच्या फार पुढे होता.

या बैठकीत मी एक चूक केली. सादरीकरणात मी दक्षिण लंडनमधल्या बेडझेड या वसाहतीचे छायाचित्र लावले होते. २००२ मध्ये पूर्ण झालेली ती वसाहत म्हणजे छपरावरच्या, वारा खेळवणाऱ्या रंगीत टोप्यांमुळे या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या ओळखीचे चित्र. तिथली जाड उष्णतारोधक भिंतींची, दक्षिणाभिमुख घरे आजही आपले काम करत आहेत. पण लाकडाच्या चिपांवर चालणारे वीज-उष्णता संयंत्र आणि जागेवरच सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा या दोन्ही गोष्टी काही वर्षांतच बंद कराव्या लागल्या. भिंतीला ऑपरेटर लागत नाही, संयंत्राला लागतो. मला हे ठाऊक होते. बैठकीत मी घरांचे कौतुक केले आणि संयंत्राचा भाग वगळला, कारण समोरचे लोक नुकतेच उत्साहात आले होते.

काय ठरले आणि काय केले

इमारत ३ फिरवली. इमारत ४ तशीच राहिली, कारण रॅम्प तिच्याच पोटातून जात होता आणि ‘ओढ्याचे दृश्य’ या नावाखाली तिची बोलणी बरीच पुढे गेली होती. तिला बाहेरच्या झडपा द्यायच्या असे इतिवृत्तात लिहिले गेले. पुढे खर्चकपातीच्या यादीत त्या झडपांवर पहिली काट पडली. काच मात्र बरी घेतली.

ओढा उघडाच ठेवला. दोन्ही काठांना सहा मीटरची मोकळी पट्टी सोडली आणि रस्ता इमारती १ व २ च्या मागून फिरवला. या निर्णयाला माझ्यापेक्षा स्ट्रक्चरल इंजिनीअरचा जोर जास्त लागला. नळीचा व्यास कितीही मोठा घेतला तरी एखाद्या वर्षी तिच्या तोंडाशी फांद्या आणि प्लास्टिक अडकणारच, आणि ते पाणी पार्किंगमध्ये शिरणार, एवढेच त्यांनी सांगितले. विषय दहा मिनिटांत संपला.

काँक्रीटची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. सिमेंटचा क्लिंकर (भट्टीतून निघणारे गोळे, जे दळून सिमेंट होते) भाजताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातला निम्म्याहून अधिक इंधनाचा नसतो, चुनखडीच्या विघटनातूनच तो बाहेर पडतो. त्यामुळे भट्टी कितीही सुधारली तरी तो टळत नाही, क्लिंकरच कमी वापरावा लागतो. आम्ही सगळीकडे तीस टक्के सिमेंटच्या जागी फ्लाय अॅश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची बारीक राख, सुचवली. कंत्राटदाराने स्लॅबसाठी साफ नकार दिला. त्याचे गणित बरोबर होते: फ्लाय अॅशचे काँक्रीट शेवटी पुरती ताकद कमावते, पण सुरुवातीच्या दिवसांत सावकाश. म्हणजे सेंटरिंग (ओल्या काँक्रीटला आधार देणारा साचा) जास्त दिवस अडकून पडणार आणि प्रत्येक स्लॅबमागे मुदत लांबणार. मग तोडगा निघाला. पायाच्या राफ्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या सलग जाड थरात, फ्लाय अॅश भरपूर, स्लॅबमध्ये नेहमीचे मिश्रण. राफ्टला सेंटरिंग काढायची घाई नसते. शिवाय एवढ्या जाड काँक्रीटमध्ये सिमेंटच्या उष्णतेमुळे तडे जाण्याची भीती असते आणि फ्लाय अॅशने ती उष्णता कमी होते. राफ्टच्या काँक्रीटच्या नमुना-ठोकळ्यांची ताकद २८ ऐवजी ५६ दिवसांनी तपासायची ठरले. सगळ्या प्रकल्पात दोन्ही बाजू मनापासून खूश झालेला हा एकच निर्णय.

गच्चीवरची टाकी दक्षिणेला होती आणि तिची सावली हिवाळ्यात सौर पॅनेलवर पडणार होती. ती कागदावरच उत्तरेला सरकवली. खोडरबराइतकाच खर्च.

पाण्यासाठी पहिला पर्याय घेतला. ९० हजार लिटर क्षमतेचा एसटीपी, हवा देण्याची एकच मोठी टाकी, तिच्यात प्लास्टिकच्या छोट्या चकत्या, आणि त्या चकत्यांवर वाढणाऱ्या जिवाणूंच्या थरानेच सगळे काम करायचे. त्यापुढे गाळणी आणि निर्जंतुकीकरण. सोबत नळांना पाणी वाचवणाऱ्या जाळ्या आणि दुहेरी फ्लश.

काय घडले

ताबे मिळाल्यावर पहिल्या काही महिन्यांत ३८ कुटुंबे राहायला आली. बाकीचे फ्लॅट कुणी गुंतवणूक म्हणून घेतलेले, कुणाचे आतले काम चालू. ३८ घरांतून निघणारे सांडपाणी एसटीपीच्या क्षमतेच्या चौथ्या हिश्शाइतकेही भरत नव्हते. आम्ही सगळे आकडे भरलेल्या संकुलाचे काढले होते. संकुल भरेपर्यंतच्या काळाचे गणित कुणीच केले नव्हते.

मी गेलो तेव्हा एसटीपीच्या खोलीत पायऱ्या उतरतानाच सडक्या अंड्याचा वास आला. टाकीवर करडा फेस होता. चकत्या हातात घेतल्या तर नुसत्या बुळबुळीत लागल्या, त्यांच्यावर जो तपकिरी, मखमलीसारखा थर दिसायला हवा तो नव्हता. ऑपरेटर पंचविशीतला मुलगा. त्याने एका वाक्यात निदान केले: “साहेब, ह्याला पोटभर मिळतच नाही, तर हा काम कसलं करणार?” पाण्यातली घाण हेच जिवाणूंचे अन्न, आणि तेच कमी. भरीला एक गोष्ट त्यानेच, थोडे चाचरत, सांगितली. वीजबिल पाहून त्याला रात्री ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा फुंकणारे यंत्र, बंद ठेवायला सांगितले होते. हवा थांबली की प्राणवायूवर जगणारे जिवाणू मरगळतात, त्याशिवाय जगणारे जोर धरतात, आणि मग तो वास.

हेच पाणी फ्लशला जात होते. कमोडमध्ये पिवळट डाग, बाथरूममध्ये वास. त्यात एका बाईंनी तक्रार केली की इतरांच्या फ्लशच्या पाण्याला येतो तोच वास त्यांच्या बेसिनच्या नळाला येतो. प्लंबरने शाफ्टचे दार उघडले आणि जोडणी उलटी निघाली: पुनर्वापराची वाहिनी बेसिनला, ताज्या पाण्याची फ्लशला. दोन्ही पाइप एकाच रंगाचे होते. ओळखीसाठी लावलेली जांभळी पट्टी प्लास्टर करणाऱ्यांच्या हाताखाली निघून गेली होती. दाबाची चाचणी आम्ही प्रत्येक घरात घेतली होती, पण ती गळती सांगते, कोणते पाणी कुठे जाते ते सांगत नाही. त्यासाठी एका वाहिनीत निरुपद्रवी रंग सोडून घरातले सगळे नळ उघडून पाहावे लागतात. पुढच्या आठवड्यात ती रंगचाचणी १६८ घरांत घेतली. आणखी एक उलटी जोडणी सापडली, सुदैवाने कुलूपबंद फ्लॅटमध्ये.

दोनच घरे. पण बातमी सगळ्या संकुलात पसरली, आणि रहिवाशांच्या समितीने रातोरात फ्लशची वाहिनी ताज्या पाण्यावर वळवली. बायपासचा व्हॉल्व्ह आम्हीच दिला होता. मला त्यांचा राग आला नाही. घरात लहान मूल असते तर मीही तोच व्हॉल्व्ह फिरवला असता.

दुरुस्ती सावकाश झाली. मोठ्या टाकीत तात्पुरता पडदा घालून वापरातला भाग कमी केला. चालू असलेल्या दुसऱ्या प्रकल्पातला गाळ टँकरने आणून विरजणासारखा घातला. ब्लोअर पूर्ण बंद न करता टायमरवर आलटून पालटून चालवला. निम्म्यावर घरे भरल्यावर पाणी स्थिरावले. तोवर दीड वर्ष गेले होते. बागेला ते पाणी आता नियमित जाते, फ्लशला पुन्हा सुरू करायला समितीने आणखी सहा महिने घेतले, आणि तेही फक्त ज्या दोन इमारतींनी होकार दिला तिथे.

नळांच्या जाळ्यांची तऱ्हा वेगळीच. वरच्या दोन मजल्यांवर जवळजवळ प्रत्येकाने त्या काढून ठेवल्या, खालच्यांनी हातही लावला नाही. लोकांच्या सवयींवर बरीच चर्चा झाली, पण कारण उंचीत होते. गच्चीवरच्या टाकीपासून सातव्या मजल्याच्या नळापर्यंतचा उतार जेमतेम चार मीटर, म्हणजे दाब ०.४ बार. त्या जाळीला नीट काम करायला साधारण एक बार लागतो. पहिल्या मजल्यावर, अठरा मीटर खाली, दाब भरपूर, तिथे जाळी उत्तम चालते. वर पाणी नुसते ठिबकत होते. लोकांनी जाळी काढली ती पाण्याच्या उधळपट्टीसाठी नाही, भांडे भरावे म्हणून.

इमारत ३ आणि ४ यांचा फरक मोजायला यंत्र लागले नाही. पहिल्याच उन्हाळ्यात इमारत ४ च्या पश्चिमेकडच्या काचांवर आतून पुठ्ठे, वर्तमानपत्रे आणि एका घरात चक्क स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल दिसू लागली. ओढ्याचे दृश्य पुठ्ठ्यामागे गेले. काहींनी बाहेरून चिकाचे पडदे लावले, तर इमारतीचे बाह्यरूप बदलू नये या करारातल्या कलमावर बोट ठेवून त्यांना ते उतरवायला लावले. ते कलम विकासकाच्या वकिलाने घातले होते. ऊन अडवणारी गोष्ट बाहेरच असावी लागते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. मीही नाही.

ओढ्याने मात्र पहिल्या पावसातच धडा दिला. खणलेल्या मातीचा वरचा सुपीक थर आम्ही बागेसाठी वेगळा रचून ठेवला होता. ढीग झाकायला ताडपत्री आली ती पावसानंतर दोन दिवसांनी. अर्धी माती ओढ्यात उतरली आणि खालच्या वस्तीतले लोक भांडायला आले. त्यांचे बरोबर होते. गाळ मजुरांकडून उपसून दिला. पुढच्या पावसाळ्यात एकदा ओढा काठोकाठ भरला, पण पार्किंग कोरडे राहिले.

पाणी झिरपू देणारे फरशीचे ठोकळे आम्ही अंतर्गत रस्त्यांवर बसवले, पण बांधकाम पूर्ण संपण्याआधी. सिमेंटच्या धुवणाने त्यांच्या फटी भरल्या आणि आज ते साध्या फरशीपेक्षा वेगळे नाहीत. प्रमाणपत्रातले त्यांचे गुण शाबूत आहेत.

पुन्हा करायचे झाले तर

एसटीपी एकच मोठा न करता दोन भागांत करीन, ३० आणि ६० हजार लिटरचा. घरे भरतील तसा दुसरा भाग सुरू होईल. भांडवली खर्च वाढतो, पण अर्धपोटी दीड वर्ष टळते. किंवा दुसरा पर्याय, वाफ्यांचा, पुन्हा प्रामाणिकपणे तपासून पाहीन. त्याला गुण कमी आहेत, पण ब्लोअर नाही आणि घराघरांत दुहेरी वाहिनीही नाही. त्या वेळी आम्ही तो पाच मिनिटांत बाजूला सारला होता.

एसटीपी उभारणाऱ्यानेच तो पहिली पाच वर्षे चालवावा, अशी अट निविदेत असायला हवी. उभारणारा एक, चालवणारा दुसरा आणि वीजबिल भरणारा तिसरा असला की रात्री ब्लोअर बंद होणार हे ठरलेलेच. रंगचाचणी ताबा देण्याआधी, प्रत्येक घरात, रहिवाशासमोर. पुनर्वापराचा पाइप मुळातूनच वेगळ्या रंगाचा, पट्टीच्या भरवशावर नाही.

वरच्या दोन मजल्यांना छोटा दाबपंप, किंवा तिथे कमी दाबावर चालणारे नळ. हा हिशेब पाठीमागच्या कोऱ्या कागदावर मावतो आणि तो मी करायला हवा होता.

झडपांबाबत मात्र माझे मत अजून पक्के नाही. खर्चकपातीच्या यादीत त्यांच्यावर काट पडली तेव्हा मी पत्र लिहून विरोध नोंदवला आणि पुढच्या कामाला लागलो. तिथे अडून बसलो असतो तर कदाचित फ्लाय अॅशचा तोडगा निघाला नसता. विकासकाशी किती वेळा भांडायचे याचाही एक साठा असतो. मी तो राफ्टवर आणि ओढ्यावर खर्च केला. इमारत ४ मधल्या कुणी मला विचारले, तर हे उत्तर त्यांना पटेल असे वाटत नाही.

गेल्या वर्षी समितीने करारातले ते कलम सर्वसाधारण सभेत बदलून घेतले. बाहेरून सरकणाऱ्या झडपेचा एकच नमुना आणि एकच रंग मंजूर झाला, आराखडा मी विनामूल्य करून दिला. खर्च ज्याचा त्याने करायचा. पश्चिमेकडच्या २१ हॉलपैकी नऊ ठिकाणी झडपा बसल्या आहेत. उरलेल्या काचांवर अजून पुठ्ठे दिसतात.